थोरलीच्या नावापुढचा शेरा

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर बोलायला गेले असते तर दुसऱ्याच वाक्याला रडले असते, आणि तुम्ही नेहमीसारखं जेवलीस का विचारून विषय बदलला असता. म्हणून लिहितेय.

फाउंड्रीच्या लॅबमध्ये तेच चाललंय. सकाळी ओतलेल्या धातूचे नमुने घासायचे, चकचकीत करायचे, मायक्रोस्कोपखाली धरायचे. हात काळे, बोटांना चिरा. काम मला आवडतं, हे आधीच सांगते. नाहीतर म्हणाल, पोरगी कामाला कंटाळली आणि राग माझ्यावर काढतेय. पगार तुम्हाला ठाऊकच आहे. तीन वर्षं झाली, महिना बावीस हजार. कधी कुरकुर केली नाही.

शाळा संपली तेव्हाची ती दुपार आठवते? टेबलावर दोन कॉलेजांची पत्रं होती, एक तुम्ही नोकरी करता त्या कॉलेजचं आणि एक लांबच्या. लांबच्या कॉलेजची प्रयोगशाळा मोठी, मला तिथंच जायचं होतं. तुम्ही तुमच्या ऑफिसातला तक्ता पुढे सरकवलात: मटेरियल्स इंजिनिअरिंगची मुलं पहिल्या तीन वर्षांत कुठल्या कॉलेजातून किती कमावतात. तुमचं कॉलेज सगळ्यांत वर, महिना सरासरी पंचावन्न हजार. "आकडे खोटं बोलत नाहीत," म्हणालात. प्लेसमेंट ऑफिसात वीस वर्षं काढलेला माणूस, आणि वर माझा बाप! मी डोळे झाकून फॉर्म भरला. पुढे बावीस हजारांची नोकरी लागली तेव्हा वाटलं, मीच कमी पडले. इतकी वर्षं हेच वाटत होतं, बाबा. वर्गातल्या मैत्रिणींना तोंड दाखवायची लाज वाटायची.

गेल्या आठवड्यात धाकटीने मला एक फोटो पाठवला. यंदाचा तक्ता तुम्ही तिलाही दाखवलात. पण ती माझ्यासारखी भोळी नाही. तुम्ही चहा टाकायला उठलात तेवढ्यात तिने खालची कच्ची यादी उलटून पाहिली आणि तिचाच फोटो काढला. माझ्या बॅचची अठ्ठेचाळीस नावं. जे सॉफ्टवेअरमध्ये गेले त्यांचे पगार व्यवस्थित लिहिलेले. ज्यांना नोकरीच नाही, किंवा माझ्यासारखी तुटपुंजी आहे, त्यांच्यापुढे तुमच्या वळणदार अक्षरात एकच शेरा: संपर्क झाला नाही. म्हणजे सरासरी काढताना ती नावं धरायचीच नाहीत. अकराव्या नंबरवर मी. दर रविवारी तुमच्याशी अर्धा तास फोनवर बोलणारी मी! म्हणजे मला दाखवलेला तक्ताही असाच केलेला.

आधी मला हसू आलं. मग लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आमच्याकडे लॉटमधला कुठलाही नग न निवडता उचलायचा आणि तपासायचा. कुणी चांगले तेवढे निवडून तपासले तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवतात, कारण उरलेले नग कुणाच्या तरी गाडीत बसणार असतात. तुम्ही वाईट नग बाजूला काढलेत आणि त्यांत मला टाकलंत. वरून साहेबांचा दबाव असेल, मान्य. पण मला तरी खरं सांगायला हवं होतंत. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला?

पण नुसती भांडायला लिहीत नाहीये. धाकटीने काल लांबच्या कॉलेजात प्रवेश घेतला. पहिली फी मी भरली. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होत नाही, म्हणून मी सांगतेय. तिला बोलू नका. आई गेल्यापासून ते घर खायला उठतं, मला कळतं. आता ती निघाली की तुम्ही एकटे पडाल. माझ्या वेळीही हीच भीती होती ना? मग तक्ता कशाला दाखवलात, बाबा? माझ्यापाशी राहा, एवढंच म्हणाला असतात तर मी राहिले असते.

रागावलेली, तरी तुमचीच,
थोरली