परदेशी जाणारा लिफाफा

साहेब, फार उशिरा लिहितो आहे, रागावू नका. तुम्ही गेलात त्याच वर्षी लिहायला हवं होतं, पण अर्ज आणि नकला सोडून मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. तेवढंही तुम्हीच शिकवलंत, नाहीतर सातवी नापास माणसाला कोण मुन्शी ठेवतो? आता कारण निघालं आहे म्हणून बसलो. माझी पोरगी भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करते. तिच्याकडे काम शिकणारी एक विद्यार्थिनी आता परदेशात निघाली आहे, पाण्याजंगलाचे कायदे पाहणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत, तीन महिन्यांसाठी. त्याला आता इंटर्नशिप म्हणतात. तुम्ही त्याला उमेदवारी म्हणायचात. मागच्या रविवारी जेवताना पोरीने हे सांगितलं आणि भात कालवत सहज विचारलं, "बाबा, माझा लिफाफा तुम्ही कोणत्या दिवशी टाकला होता?" मी म्हटलं, आठवत नाही. साहेब, मला आठवतं.  तिला खरं सांगायचं की नाही, एवढंच तुम्हाला विचारायचं आहे.

डोळे मिटले की आधी कोंढ्याचा तलाव दिसतो. सत्तरच्या पुढची ती वर्षं. तलावाकाठची जमीन घेतलेल्या एकाला तलाव लवकर रिकामा करून आत पीक घ्यायचं होतं, आणि गावाने तुम्हाला वकील केलं होतं. आपण तलावाच्या पाळीवर, बांधावर उभे आहोत. पोरगी सहा वर्षांची, माझ्या मागे लागून आलेली, ओच्यात शिंगाडे. पाणी इतकं स्थिर की बगळा उडाला तरी वाटतं पाण्यातलाच उडाला. तुडुमाशी, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दारापाशी, तलावात मासे धरणारा म्हातारा ढिवर बसलेला. पोरीने त्यालाच विचारलं, "आबाजी, पयले कोणाले देता पाणी?" तो म्हणाला, "सगळ्यात खालच्याले, माय. वरचा तं तलाव पाहूनच गार होते." तुम्ही इतके हसलात की तुमची टोपी पाण्यात पडता पडता राहिली. मग गंभीर होऊन मला म्हणालात, "मुन्शीजी, म्हाताऱ्याचं बोलणं खरं आहे, पण कोर्ट कागद मागते. भंडाऱ्याच्या रेकॉर्ड रूममधून गावच्या जुन्या हक्कांची नक्कल काढा. शिक्क्याची." ती नक्कल मी आणली आणि तिच्यावरच आपण जिंकलो. त्या दिवसापासून शिक्का नसलेला कागद मला उघडा वाटतो.

मग चौदा-पंधरा वर्षं गेली. कशी गेली ते सांगता येत नाही, त्या तलावावरच्या सकाळच्या धुक्यासारखी बघता बघता विरली. पोरगी नागपूरला लॉ कॉलेजात, होस्टेलवर. तिने त्याच तलावावर, त्याच खालच्याला आधी पाणी देण्यावर इंग्रजीत बारा पानं लिहिली. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तिला ही विद्यार्थिनी आता जाते आहे त्याच, जर्मनीतल्या संस्थेचं पत्रक दाखवलं होतं. कायदा शिकणाऱ्यांना ते बोलावत, देशोदेशींचे कायदे वाचायला, टिपणं काढायला. तिचा लेख आणि एका वकिलाचं शिफारसपत्र, एवढंच त्यांना हवं होतं. तुमच्या पवनीच्या ऑफिसात ते पत्र तुम्ही स्वतः टाईप करत बसलात. उन्हाळा होता, खिडकीला ओला वाळा, त्याचा वास अजून येतो. "पोरगी तुमच्यापेक्षा बरं लिहून राहिली मुन्शीजी," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "साहेब, विमानानं जाईन ते? एकटी?" तुम्ही म्हणालात, "नाही तं काय बैलगाडीनं? तुम्ही घाबरता कायले? तुम्हाले नाही बोलावलं त्याईनं." लिफाफा माझ्या हातात दिलात, उद्याच टाका म्हणालात.

मी टाकला नाही. पोस्टाच्या दारातून परत आलो. लेखात जुन्या हक्कांचा दाखला होता आणि सोबत नक्कल नव्हती. शिक्क्याशिवाय परक्या देशात कोण खरं मानेल, असं मला वाटलं. खटल्यातली नक्कल कोर्टातच जमा होती, म्हणून भंडाऱ्याला जाऊन नव्या नकलेचा अर्ज केला. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही हसला असता. पोरगी परीक्षेसाठी नागपूरला परत गेली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. पुढे त्या संस्थेचं उत्तर आलं की कागद मुदतीनंतर पोचले. पोरगी तुमच्या टेबलासमोर उभी होती, रडली नाही, पदराशी चाळा करत राहिली. तुम्ही म्हणालात, "आपलं पोस्टच असं आहे बेटा. पुढच्या वर्षी आपण महिनाभर आधी टाकू." पुढच्या वर्षाआधी तुम्ही गेलात. तिने पुन्हा अर्ज केला नाही. पत्र कोण देईल, म्हणाली.

इतकी वर्षं मी स्वतःला शिक्क्याचीच गोष्ट सांगत आलो. ती अर्धी खरी आहे. नक्कल आठव्या दिवशीच माझ्या हातात आली होती, साहेब. लिफाफा वेळेत पोचायला तेवढे दिवस पुरत होते. मी तो माझ्या बस्त्यात, जुन्या खटल्यांच्या कागदांखाली ठेवला आणि रोज काढून बघत राहिलो. वर तिच्या अक्षरात लिहिलेला तो लांबचा पत्ता मला वाचताही येत नव्हता. मुदत हुकेल असे दिवस मोजून मगच टाकला. ती गेली असती तर परत आली नसती, असं वाटत होतं. आता वाटतं, आली असती. तिला तो तलाव इतका आवडायचा.

हा कागद कुठे टाकायचा ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मी टाकला असता असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पण तुम्ही काहीतरी करून कळवा, साहेब. स्वप्नात या, वाटल्यास रागावून या. रविवारी ती पुन्हा जेवायला येते आहे. त्याआधी कळवा.