डोळे मिटून झोपण्याची परवानगी मिळणेबाबत

सोबत जोडले आहे (हे आधी पाहावे, मग अर्ज वाचावा) :
झोपलेल्या बाईचा फोटो. नामंजूर.
त्याच बाईचा जागेपणीचा फोटो. नामंजूर.
काजळाची डबी, रिकामी.
खुशीचा डॉक्टरी दाखला, झेरॉक्स.
उशीचा अभ्रा, एक. काजळाचे डाग पाहून झाल्यावर परत मिळावा, घरात दोनच आहेत.

प्रति,
मा. समन्वयक साहेब,
विसावा पालक आधार केंद्र,
बाभुळगाव, जि. यवतमाळ

अर्जदार : विमल बाबाराव गावंडे, मु. सावरपांढरी, ता. बाभुळगाव

विषय : झोपताना डोळे मिटू देणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. २१ जुलै २०२५, "लाभार्थी विश्रांती घेत नसल्याचे निदर्शनास आले आहे."

महोदय,

अर्जदार बाईला खुशी नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. तिला फिट येते, आणि येण्याआधी ती कोणाला विचारत नाही. म्हणून तिच्यावर सतत एका माणसाची नजर लागते. घरधनी बाबाराव निंदणाच्या दिवसांत वावरात असतात, तेव्हा ते माणूस म्हणजे अर्जदारच. या आठ वर्षांत बाईचा भाकर थापताना डोळा लागला आहे, बसथांब्यावर उभ्याउभ्या लागला आहे. सख्ख्या भावाच्या लग्नात तर मंगलाष्टके सुरू असताना लागला, आणि अंगावर अक्षता पडताच ती "खुशी!" म्हणून अशी ओरडली की भटजी पुढचे कडवे विसरले.

अशा आईबापांसाठी आपण मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते चार, मदतनीस पाठवण्याची सोय केली. मदतनिसाने लेकरू सांभाळायचे, आईने झोपायचे. मदतनीस नुजहत हिच्याविरुद्ध हा अर्ज नाही. फिट आली तर लेकराला कुशीवर कसे वळवायचे हे तिला नीट येते, आणि खुशी तिची ओढणी सोडत नाही. तक्रार आहे ती नुजहतच्या मोबाईलमधल्या ॲपविरुद्ध.

१. दि. ११, शुक्रवार. लाभार्थी विश्रांती घेत असल्याचा फोटो ॲपला लागतो. नुजहतने झोपलेल्या अर्जदाराचा फोटो काढला. ॲप म्हणाले, डोळे उघडा. तिने तीनदा काढून पाहिला, मग नाइलाजाने खांदा हलवला. "ताई, बस एकदा डोळे मिचकवा न. मंग बिनधास्त झोपा." अर्जदाराने उठून मिचकवले. ॲपने चेहरा ओळखला आणि शेरा मारला : लाभार्थी जागी आहे.

२. दि. १५, मंगळवार. अर्जदाराने उघड्या डोळ्यांनी झोपायचे ठरवले आणि पडवीत आडवी होऊन आढ्याकडे एकटक पाहत राहिली. तेवढ्यात शेजारच्या धनीबाई विरजण मागायला आल्या, आणि वाटी टाकून बोंबलत सुटल्या, "अवं माय वं, इमल गेली!" निंदणाच्या बाया धावल्या. बाबाराव वावराच्या धुऱ्यावरून अनवाणी पळत आले. अर्जदार जिवंत निघाल्यावर उलट धनीबाईच रागावल्या. "सरकार तुले निजवाले माणूस धाडून राह्यलं, अन् तुले साधं निजता येत नाही? काहून वं?" विश्रांतीचे दोन्ही तास अकरा माणसांच्या चहात गेले.

३. दि. १८, शुक्रवार. बाबाराव पोळ्याला बैलांची शिंगे रंगवतात, हात चांगला आहे. ते म्हणाले, "मिटलेल्या पापण्यायवर उघडे डोळे काढतो. मशीनले काय समजते?" त्यांनी काजळाने दोन डोळे काढले, ते मूळ डोळ्यांपेक्षा मोठे आणि जरा बैलासारखे झाले. ॲप फसले. त्याने चेहरा ओळखला आणि म्हणाले, आता डोळे मिचकवा.

काढलेले डोळे मिचकत नाहीत. बाबाराव ओले फडके घेऊन धावले : एक डोळा पुसायचा, लगेच परत काढायचा, मिचकल्यासारखे होईल. हे पाहून नुजहतच्या मांडीवर बसलेली खुशी हसली. उचकी लागेपर्यंत हसली. तो आवाज घरात संक्रांतीनंतर पहिल्यांदाच ऐकू आला, म्हणून अर्जदार झोप टाकून उठून बसली. या दिवशी विश्रांती खरोखरच झाली नाही, हे ती कबूल करते.

आता नोटिशीत लिहिले आहे की सात दिवसांत खुलासा न दिल्यास नुजहतचे येणे बंद होईल आणि सेवा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. पुढच्या नावाची बाईसुद्धा डोळे मिटूनच झोपत असावी, असा अर्जदाराचा अंदाज आहे.

तरी विनंती की,

मिटलेले डोळे हाच झोपेचा पुरावा मानावा. नियमात बसत नसेल, तर आईऐवजी खुशीचा फोटो घ्यावा. ती पाहिजे तितक्यांदा मिचकवते. तेही जमत नसेल, तर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार गावचा मोबाईल टॉवर बंद ठेवण्याविषयी कंपनीला लिहावे. धनीबाईंची हरकत नाही, त्यांना विचारले आहे.

काहीही करा, नुजहतला बंद करू नका. खुशी मंगळवार ओळखायला लागली आहे. सकाळपासून दारात बसते.

आपली नम्र आणि तूर्तास जागी,
विमल बाबाराव गावंडे
दि. २३ जुलै २०२५

दि. ८ जुलै, सेवेचा पहिला दिवस : टॉवर बंद होता. अर्जदार दोन ते चार झोपली.