पुट्टीच्या वाकड्या रेघा

प्रिय अक्षता,

आठ महिन्यांनी बापाचं पत्र, तेही घरात फोन असताना, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस. बरोबरच करतेस.

भांडण त्या विमानावरून झालं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं जेट, माझ्या टेबलावर प्लास्टिकचं, वीतभर. तू इतिहास शिकवणारी. म्हणालीस, बाबा, ही विमानं छळछावणीतल्या कैद्यांकडून करून घेतली, उपाशी माणसं मेली त्यात, आणि तुम्ही कौतुकानं काय घासताय? मी म्हटलं, प्लास्टिकला पाप लागत नाही, धडे वर्गात दे. तू चप्पल घालून निघालीस ती विश्रांतवाडीचा हा जिना पुन्हा चढली नाहीस.

मी हट्टानं ते पुरं केलं. गेल्या रविवारी स्वारगेटजवळच्या मॉडेलांच्या प्रदर्शनात त्याला पहिला नंबर मिळाला. परीक्षक भिंगातून सांधे बघून खूश. माइकवरून म्हणाले, मूळ विमानाच्या सांध्यांत कैदी पुट्टी भरायचे, त्यांचे हात थरथरायचे, ती थरथर यांनी हुबेहूब पकडलीय. टाळ्या पडल्या. एकानं तर तंत्र विचारलं. आणि मी हसून नमस्कार केला गं! मग बाहेर येऊन गटाराशी ओकलो. रिक्षात ते खोकं मांडीवर घ्यायचीही किळस वाटत होती. टाळ्यांची किळस आली, त्याहून माझ्या हसण्याची.

कारण मी काहीच पकडलं नव्हतं. वर्षभर माझा उजवा हात थरथरतोय. चहा कपात कमी, बशीत जास्त. त्या दिवशी तुझ्यावर खेकसलो तो निम्मा त्याच भीतीनं, तुझी नजर हाताकडे जाईल म्हणून. पुट्टीची रेघ सरळ येईना, वाकडी आली तशी ठेवली. माझ्या दुखण्याला बक्षिसाची ढाल मिळाली. ज्यांचे हात भुकेनं थरथरले, त्यांना कुणी भाकरी दिली नव्हती.

ढाल कपाटामागे टाकलीय. विमान मोडणार होतो, पण ते तू वर्गात ने. मुलांना त्या रेघा दाखव आणि मला सांगितलंस तेच त्यांना सांग.

गुरुवारी अकराला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचंय. एकट्यानं जायची भीती वाटते. येशील का? अक्षर अनोळखी वाटलं असेल. शेजारच्या शेफालीनं लिहिलंय, मी सांगत गेलो तसं. शेवटचे दोन शब्द तेवढे माझ्या हातचे. चार कागद वाया गेले, त्यातल्या त्यात हा सरळ.

तुझाच
बाबा