गावानं बोलावलेला राजा

सर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता पालघरच्या कॉलेजात इतिहास शिकवते, आणि दुपारचे तास खुर्चीत बसूनच घेते. तुम्हाला ते मुळीच चाललं नसतं. पण थकायला होतं, सर. पायांपेक्षा आतून जास्त.

सरावलीतलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारची सकाळ, मी अकरावीत. कांदा चिरता चिरता तुम्ही मला रशियाच्या सुरुवातीची गोष्ट सांगताय. अभ्यासक्रमात ती नव्हती, पण तुम्हाला सांगायचीच होती. ओल्या बोटाने ओट्यावर नीपर नदी काढलीत. वर उत्तरेला जंगलं, खाली कीव्ह. उत्तरेच्या टोळ्या आपसांत भांडून दमल्या आणि त्यांनी समुद्रापलीकडच्या लढवय्या दर्यावर्दींना निरोप धाडला, या आणि आमच्यावर राज्य करा. तीन भाऊ आले. दोघं लवकर गेले, उरलेला राजा झाला. पुढे त्याचाच एक नातलग व्यापाऱ्याचं सोंग घेऊन कीव्हला उतरला. तिथल्या राज्यकर्त्यांना त्याने नदीकाठी बोलावून घेतलं आणि मारून टाकलं.

मी म्हणाले, "पण उत्तरेच्या टोळ्या तरी शहाण्या, सर. स्वतःहून राजा बोलावला."

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "हे लिहिलं कुणी?"

मला माहीत नव्हतं.

"मठातल्या साधूंनी. दोन-अडीचशे वर्षांनी. तेव्हा गादीवर कोण होतं? त्याच घराण्यातली माणसं. पाहुणा बोलावला होता की घुसला होता, हे त्या टोळ्यांना कुणी विचारलं नाही. इतिहास घेणार असशील तर विचारायला शीक, नाहीतर घेऊ नकोस."

इतकं कडक तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मी डोळे पुसले. कांद्याचं निमित्त बरं सापडलं.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. गावातल्या सगळ्यात मोठ्या चिकूच्या वाडीचे मालक, नात्याने माझे काकाच लागतात, घरी आले. "पुस्तिका काढायची हाय. गावाचा इतिहास तूच लिव. आमच्या पणज्याला गावानंच बोलावला, भांडणं मिटवायला. तेवढं नीट लिव."

मी विचारायला गेले, सर. खरंच गेले. गावाच्या वर टेकडीला लागून आदिवासींचा पाडा आहे, तिथले सगळ्यात म्हातारे बाबा अंगणात टोपली विणत बसले होते. प्रश्न ऐकून त्यांनी मान वर केली नाही. "कोनी बोलावला? कोनी नाय. तो आला. मंग आमी वर सरकलो." त्या अंगणातून काकांची ती चिकूची वाडी अख्खी दिसते.

मी दोन्ही लिहिलं. एका परिच्छेदात घराण्याचं म्हणणं, दुसऱ्यात बाबांचं. काकांनी दुसऱ्यावर रेघ ओढली. "देवाच्या पुस्तकात हे कशाला? काढून टाक." मी वाद घालायला हवा होता. पण त्या आठवड्यात दोन गठ्ठे पेपर तपासायचे होते, आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि रोज सकाळी त्यांच्याच दारासमोरून रिक्षा धरायची होती. मी मान डोलावली. बाबांचा परिच्छेद गाळून पुस्तिका माझ्या नावाने निघाली. मंडपात शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या झाल्या. आई खूश होती.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तुमच्या त्या खोल्यांत आता कंपनीतले चार कामगार राहतात. दारातून मी विचारलं तर एक जण म्हणाला, "यहाँ तो कोई मास्टरजी नहीं रहते." तुमच्याबद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. पुस्तिका निघाल्यावर महिन्याभराने ते बाबा मला पालघरच्या बाजारात भेटले. त्यांनी हाक मारली, "बाय, माझा बोलना लिवलास का?"

"लिवलंय, बाबा," मी म्हणाले. ते समाधानाने हसले.

त्यांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं.