चौथा खिळा

प्रिय किट,

राणीसाहेबांच्या वाढदिवसाची परेड झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाटे पाचला मी एकटाच पागेत उतरलो होतो. तुझी घोडी ऑगस्टा पुढचा डावा पाय अधांतरी धरून उभी होती. मी तो पाय मांडीवर घेतला आणि नालाचे खिळे एकेक करून ओढले. त्या पहाटेबद्दल लिहायचं म्हणून आजवर दहा पत्रं सुरू केली आणि शेगडीत घातली. म्हणून आधी सोपं ते लिहितो.

गेल्या महिन्यात डेस्मंड ओकली येऊन गेला. तुझ्याच तुकडीतला, पण आता पोट सुटलंय. मला बघून म्हणाला, “उस्ताद, तुम्ही अजून इथंच? मला वाटलं, एव्हाना तुम्हालाही चरायला सोडलं असेल!” चहा पिताना त्यानं तुझी खुशाली सांगितली. तू ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात पेट्या उचलतोस. जत्रेत तुझी रोझी तट्टावर बसायचा हट्ट करत होती, तर तू तिला ओढत घरी नेलंस आणि म्हणालास, “माझ्या भरवशावर कुणी घोडा देऊ नये. एका घोडीला मी लंगडं केलंय.” डेस्मंड हसत सांगत होता. माझा चहा तसाच राहिला.

किट, त्या दिवशीचा तू मला अजून दिसतोस. राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर घोडी लंगडली तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. हजारो माणसं बघत होती. तू खाली उतरलास आणि अंगावर चिलखत, मांडीपर्यंत बूट, डोक्यावर जूनचं ऊन असताना तिच्या चालीनं चालत, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत तिला पागेपर्यंत आणलंस. अंगणात तुकडीप्रमुख बॅराक्लॉ सगळ्यांदेखत ओरडला, “काय रे लव्हलॉक, खुरातला खडा काढायला तुझ्या आईला बोलवायचं होतं का?” तू एवढंच विचारलंस, “घोडी बरी होईल ना, साहेब?” माझ्या सत्तावीस वर्षांत मी पुष्कळ शूर माणसं पाहिली, पण दिमाखाच्या एवढ्या साजात इतका साधा माणूस दुसरा पाहिला नाही.

मी श्रॉपशरच्या खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेला. पलटणीचा इतिहास मला शिकवला तो म्हाताऱ्या ट्रँटर उस्तादांनी, भट्टीच्या भात्याजवळ बसून. आम्ही नालबंद परेडला कुऱ्हाड घेऊन का निघतो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, “खेडवळ पोरा, ती लाकडं फोडायला नाही.” जुन्या लढायांत घोडा वाचण्यासारखा नसला की नालबंद त्याला वेदनेतून सोडवायचा आणि नंबर डागलेला खूर तोडून छावणीत आणायचा. स्वार नुसता ‘घोडा मेला’ म्हणाला तर कुणी मानत नसे, कारण त्यानं घोडा विकलेलाही असू शकतो. नालबंदानं खूर समोर ठेवला की मग कुणी प्रश्न विचारत नसे. “राजाची पलटण स्वाराच्या शपथेपेक्षा आपल्या हाताला मानते,” ट्रँटर म्हणाले होते. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बदलली, घोडे बदलले, पण तो विश्वास हातोहात माझ्यापर्यंत आला. या पलटणीत मला सगळ्यात मोठं काही वाटलं असेल तर ते हेच.

आणि त्याच विश्वासाच्या आड मी लपलो. त्या रविवारी खुरात खडा रुतल्याची खूण कुठंच नव्हती. आतल्या बाजूचा चौथा खिळा ओढला, तो ओला आणि काळा निघाला. गुरुवारी मी एकट्यानं अकरा घोड्यांना नाल ठोकले होते. कुणाला मदतीला ये म्हणालो असतो तर कमीपणा वाटला असता. तो खिळा मी खुराच्या आतल्या जिवंत भागात ठोकला होता. त्याच महिन्यात मला उस्ताद, म्हणजे मुख्य नालबंद, करायचं घाटत होतं. मी खिळा खिशात टाकला आणि अश्ववहीत लिहिलं, ‘खडा रुतून तळवा दुखावला. स्वारानं खूर नीट साफ केला नव्हता.’ माझ्या हातचं लिहिलेलं. कुणी तपासलंसुद्धा नाही. तुला घोड्यावरून उतरवलं आणि पायी पहाऱ्यावर लावलं. पानगळीच्या सुमारास तू पलटण सोडलीस. ऑगस्टा पंधरा दिवसांत दुडक्या चालीनं धावू लागली. तू मात्र अकरा वर्षं ते दुखणं वागवतोयस, हे मला डेस्मंडनं सांगेपर्यंत कळलं नव्हतं. दर रविवारी मी गुडघे टेकून सगळ्यांबरोबर पापाची कबुली म्हणत होतो. देवाला ते आधीच ठाऊक होतं. सांगायचं होतं ते तुला.

काल सकाळी मी कर्नलसाहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “प्रॉसर, हे कुणाला कधीच कळलं नसतं.” मी म्हटलं, “म्हणूनच सांगतोय, साहेब.” त्यांनी जुनी वही मागवली. त्यांच्यासमोर मी ती ओळ खोडली, खाली ‘चूक नालबंदाची, स्वाराची नव्हे’ असं लिहिलं आणि सही केली. नंतर भात्याजवळ सगळ्या पोरांना ती नवी ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि उस्तादपदाचा राजीनामा दिला.

तुझा अपराधी,
नेव्हिल प्रॉसर