किल्ली माह्या कमरेले

माय, तुह्या साधनाचा पाया पडून नमस्कार.

आमी इकडं ऊसतोडीवर बरे हाव. नातीचा, संस्कृतीचा, खोकला गेला. तुहे गुडघे कसे हायेत? तुह्या जावयाचा फोन आला असंन, पोरगी माजली म्हणून. आता माहं ऐक.

दुपारी लेकरं ट्रॉलीखाली सावलीत झोपतात. सोमवारी तुह्या जावयानं न पाहता ट्रॅक्टर चालू केला. म्या बोंब मारली तवा चाक संस्कृतीपासून वीतभर थांबलं. "वाचली ना, मंग कायले ओरडतं?" म्हणे.

तवापासून किल्ली माह्या कमरेले. लेकरं मोजल्याबिगर देत नाही. मुकादम खेकसला, खेपेले उशीर होते. होऊ दे म्हटलं.

ल्हानपणी, मी आत पडू नये म्हणून, विहिरीवर काम करताना तू माह्या पायाले दोरी बांधायची. लोक हसले म्हणून मले कवा सोडलं काय?

तुहीच लेक,
साधना