दर महिन्याची भाऊबीज

सेतुबाल, पोर्तुगाल
८ जून २०२५

ती. दादास,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझा लेक अमृत उचलतो, स्पीकरवर सगळं घर ऐकतं आणि आपण बहीणभाऊ पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. पाकीट तूच फोड.

संस्कृतीचं बाळ आता भिंत धरून चालतं. बाळंतपण कधीच आटोपलं, मग आत्या परत का येत नाही, असं तिकडे सगळे विचारतात ते मला कळतं. दादा, मला इथे राहायचं आहे. लेकीसाठी नाही, माझ्यासाठी. तिच्यापासून दोन गल्ल्यांवर माझी भाड्याची खोली आहे. नगरपालिकेने बागेतला एक वाफा दिलाय, त्यात मेथी लावली आहे. शेजारच्या म्हाताऱ्या ती कच्चीच चावून बघतात आणि तोंडं वाकडी करतात.

अडचण अशी की, राहण्याचा परवाना वाढवायचा तर आरोग्य विमा लागतो आणि स्वतःचं नियमित उत्पन्न दाखवावं लागतं. विम्याच्या माणसाला मी माझी साखर सांगितली, त्यामुळे हप्ता वाढला. माझी पेन्शन कमी पडते. नदीकाठच्या मळ्यातल्या माझ्या वाट्याचे पैसे तू दर महिन्याला न चुकता पाठवतोस, तेही मी दाखवले. पण तू प्रत्येक वेळी बँकेत 'भाऊबीज' असं लिहून पाठवतोस. कचेरीतल्या बाईने विचारलं, मी समजावलं. तिला सण फार आवडला, पण भेट म्हणजे उत्पन्न नव्हे म्हणून तिने सगळे पैसे वगळले.

तेव्हा एवढंच कर. माझा वाटा तू खंडाने, म्हणजे मला भाडं देऊन, कसतोस असा करार जुन्नरला नोंदवून दे. पैसे तेच, फक्त नाव बदलायचं.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उज्ज्वला

•

बोरी बुद्रुक
२ जुलै २०२५

चि. उज्ज्वलास,
सयाजीचे अनेक आशीर्वाद.

पाकीट मीच फोडलं. वाचून दोन दिवस पारावर गेलो न्हाई. तुझी वहिनी म्हणाली, ह्यांना कायतरी झालंय, आळेफाट्याच्या डॉक्टरला दाखवा.

भाऊबीज मी चुकून लिहीत न्हाई, समजून लिहितो. भाऊ बहिणीला देतो त्याला दुसरं नाव न्हाई. आता मी स्टॅम्पावर लिहून देऊ की मी माझ्या धाकट्या बहिणीचा खंडकरी? पारावर लोक काय म्हणतील? सयाजीराव, बाईंचा खंड पोचला का, असं रोज विचारतील. बांधाशेजारचा रामनाथ तर माझं बारसंच घालील.

आन साखर सांगायची काय गरज व्हती? तिथं तुझा चहा चाखायला कोण येणार व्हतं? ह्या वयात परक्या मुलखात विमे काढत बसायचं, त्यापरीस इथं ये. इथल्या डॉक्टरला तुझी साखर तोंडपाठ हाय.

अमृतचं म्हणणं पण कळवतो. तो म्हणतो, आत्या तिकडंच राहणार असंल तर तिनं हक्कसोड लिहून द्यावी, म्हणजे सातबारा मोकळा व्हईल. सगळ्या बहिणी देतात. साडीचोळी मानानं करू, पैठणी घेऊ म्हणतो.

काल बिबट्यानं वाणेवाडीच्या कडंचं वासरू नेलं. बाकी ठीक. राग धरू नको.

तुझा,
दादा

•

सेतुबाल
२४ जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पैठणी नको. इथे समुद्राचा वारा फार, जरीचे काठ काळे पडतील.

हक्कसोड मी देणार नाही. अमृतला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखव. मी मळा मागत नाही, विकत नाही, वाटणीची मोजणीही आणत नाही. पण सातबाऱ्यावरचं माझं नाव तिथेच राहील. खोडदच्या शाळेत मी मुलींना पाटीवर आधी स्वतःचं नाव लिहायला शिकवायचे. माझंच नाव मी पुसून देऊ?

साखरेचं म्हणशील, तर उद्या मला इथे इस्पितळात न्यावं लागलं आणि मी लपवल्याचं निघालं, तर विमा हात वर करील. आणि माझ्याच अंगाबद्दल मीच खोटं का सांगायचं? साखर झालीय, चोरी केलेली नाही.

लेकीच्या पगारावरही अर्ज करता येतो. संस्कृती रोज मागे लागते. पण मग त्या परवान्यावर मी तिच्या पदराला बांधलेली. लग्नाआधी बाबांची, मग ह्यांची, आता पोरीची. एकदा तरी कुणाचीच नसलेली राहून बघते.

तुला एक सांगते, हसू नकोस. मी पोहायला शिकले. आठवतं, तू कुकडीत डुंबायचास आणि मी काठावर तुझे कपडे राखत बसायचे? पाण्यात पाय घातला तरी आई ओरडायची. आता बासष्टाव्या वर्षी मी गळ्याइतक्या पाण्यातून पुढे जाते. थंडीने दात वाजतात, तरी जाते. परवाना सप्टेंबरअखेर संपतो. त्याआधी करार जोडला नाही, तर हे सगळं सोडून यावं लागेल.

माझ्या वतीने सही करायला प्रतिभाला, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, मुखत्यारपत्र पाठवलं आहे. तू करार केला नाहीस, तर ती माझा वाटा रामनाथला खंडाने देईल. मग तो पारावर काय म्हणेल ते ऐकत बस.

लोभ आहेच, तो भांडूनही टिकतो हे दोघांनाही माहीत आहे.

तुझी,
उज्ज्वला

•

बोरी बुद्रुक
११ सप्टेंबर २०२५

चि. उज्ज्वलास,
अनेक आशीर्वाद.

रामनाथचं नाव घालून तू मला डिवचलंस. लहानपणापासून तुझी हीच खोड.

पण करार झाला तो रामनाथमुळं न्हाई. अमृतनं वकिलाकडून हक्कसोडीचे दोन कागद करून आणले. एक तुझा. दुसरा कुणाचा म्हणून बघितलं, तर आपल्या आरोहीचा. म्हणाला, तालुक्याला एकच चक्कर व्हईल, म्हणून बहिणीचाबी उरकून घेऊ. तिला सासरहून बोलावून घेतलं व्हतं. तुझ्या वहिनीनं साडीची घडी पुढं ठेवली. पोरगी साडी बघून हसली आन विचारलं, आप्पा, सही कुठं करायची? कागद वाचलासुदिक न्हाई. तिला वाटलं आप्पा सांगत्यात म्हंजी बरोबरच असंल. उज्ज्वला, मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. कागद फाडले दोन्ही. साडी तिला तशीच दिली. अमृत अजून माझ्याशी बोलत न्हाई, जेवायला मात्र येळेवर येतो.

जुन्नरला प्रतिभाबाई आल्या. कारकुनानं आमाला बघून आपसूक हक्कसोडीचाच नमुना पुढं सरकवला. म्हणाला, सगळ्या भावांचं हेच असतंय. मी म्हणालो, राव, नीट बघा, मी कूळ हाय, ह्या मालकाच्या मुखत्यार. त्यानं नमुना मागं वढला. पारावर मीच जाऊन सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. रामनाथ हसला. हसू दे.

ह्या महिन्यापासून बँकेत 'खंड' लिहीन. पण भाऊबीजेची ओवाळणी वेगळी येईल, ती त्या बाईला उत्पन्नात धरू देऊ नको.

पोहताना लई आत जाऊ नको. काठावर कपडे राखायला कुणी न्हाई तिथं.

तुझा खंडकरी,
सयाजी

•

सेतुबाल
२० नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

करार वेळेत पोचला, अर्जाला जोडला. काल मुलाखतीला बोलावलं होतं. परवाना दोन वर्षांसाठी वाढला, माझ्या नावावर, माझ्या साखरेसकट.

बाईने बँकेचे कागद चाळले. सप्टेंबर खंड, ऑक्टोबर खंड, आणि मध्येच पुन्हा भाऊबीज. ती ओळखीचं हसली आणि तो आकडा खोडायला तिने पेन उचललं. मी तिचा हात धरला. म्हटलं, मोजू नका, पण खोडूही नका.

आरोहीचा सासरचा पत्ता मला कळव. तिला पत्र लिहायचं आहे.

तुझी मालकीण आणि धाकटी,
उज्ज्वला